स्वेतलाना : शंभर वर्षे बाप्तिस्म्याविना राहिलेले नाव

१/ रशियन स्त्रियांची नावे आठवू लागले, की तात्याना, नताशा, ओल्गा यांच्या जोडीने 'स्वेतलाना' हे नाव हटकून ओठांवर येते. ते इतके अस्सल रशियन वाटते, की त्याचा उगम किएवच्या प्राचीन राजदरबारात किंवा एखाद्या विस्मृत लोकगीतात असावा, असा समज सहज होतो. कित्येक रशियन माणसांचाही तोच समज आहे. वस्तुतः हे नाव जेमतेम सव्वादोनशे वर्षांचे आहे. एका कवीने ते घडवले, दुसऱ्या कवीने घराघरांत पोहोचवले आणि तरीही त्यानंतर शंभर वर्षे रशियातील मुलीला ते अधिकृतपणे ठेवता येत नव्हते. हा धागा त्या नावाच्या प्रवासाचा.

२/ प्रथम शब्दाविषयी. रशियन भाषेत 'स्व्येत' म्हणजे प्रकाश आणि 'स्वेत्ली' म्हणजे उजळ, तेजस्वी. या विशेषणाला '-आना' हा स्त्रीनामाचा प्रत्यय जोडला, की 'स्वेतलाना' तयार होते. आपल्याकडील ज्योती, प्रभा, दीप्ती यांच्या अर्थाला अगदी जवळचे हे नाव. मराठी कानाला त्यात आणखी एक ओळखीचा ध्वनी ऐकू येईल. संस्कृतातील 'श्वेत' आणि स्लाव्ह भाषांतील 'स्व्येत' हे शब्द एकाच इंडो-युरोपीय मुळापासून आलेले आहेत. म्हणजे पुण्यातील श्वेता आणि मॉस्कोतील स्वेतलाना भाषेच्या नात्याने चुलत बहिणी ठरतात. मूळ शब्द हजारो वर्षांचा, त्यावरून बेतलेले नाव मात्र अर्वाचीन. गैरसमजाचे एक कारण हे आहे.

३/ दुसरे कारण त्या नावाच्या जन्मकाळात दडलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपभर आपापला प्राचीन भूतकाळ शोधण्याची ओढ लागली होती. रशियन उच्चभ्रू वर्ग त्या काळी फ्रेंच बोलत असे. पण 'आपले स्वतःचे जुने काय?' हा प्रश्न त्यालाही छळू लागला होता. १८०० साली 'ईगोरच्या स्वारीची गाथा' हे मध्ययुगीन रशियन काव्य प्रथमच छापले गेले आणि जुन्या स्लाव्ह वीरांचे, राजकन्यांचे, त्यांच्या नावांचे आकर्षण एकदम वाढले. अडचण एवढीच होती, की ख्रिस्तपूर्व स्लाव्ह काळातील स्त्रियांची नावे फारच थोडी टिकून राहिली होती. मग कवींनी ती घडवायला सुरुवात केली.

४/ त्यांपैकी एक अलेक्सांद्र व्होस्तोकोव्ह. जन्म १७८१, बाल्टिक समुद्रातील ओझेल बेटावर, एका जर्मन सरदाराच्या अनौरस संततीच्या रूपाने. त्याचे मूळ आडनाव ओस्तेनेक. जर्मनमध्ये 'ओस्ट' म्हणजे पूर्व, रशियनमध्ये पूर्वेला 'व्होस्तोक' म्हणतात. त्याने आपले आडनाव सरळ भाषांतरित केले आणि तो व्होस्तोकोव्ह झाला. १८०२ मध्ये त्याने 'स्वेतलाना आणि म्स्तिस्लाव्ह' हे जुन्या वळणाचे कथाकाव्य लिहिले आणि नायिकेसाठी हे नाव योजले. पुढे हाच व्होस्तोकोव्ह प्राचीन स्लाव्ह भाषेचा थोर अभ्यासक झाला. अकराव्या शतकातील 'ओस्त्रोमीर शुभवर्तमान' या हस्तलिखिताची त्याने संपादित केलेली आवृत्ती १८४३ मध्ये प्रसिद्ध झाली. तरुणपणी त्याने जुन्या भासणाऱ्या गोष्टी रचल्या, प्रौढपणी खरोखर जुन्या गोष्टी तपासल्या.

५/ व्होस्तोकोव्हचे ते काव्य आज फारसे कोणी वाचत नाही. नावाला खरी कीर्ती मिळाली ती वासिली झुकोव्स्की या कवीमुळे. जर्मन कवी ब्युर्गर याची 'लेनोर' ही कथाकविता त्या काळी युरोपभर गाजत होती: युद्धावर गेलेला प्रियकर मरतो आणि रात्री प्रेत होऊन प्रेयसीला घोड्यावरून घेऊन जातो. झुकोव्स्कीने १८०८ मध्ये तिचे 'ल्युद्मिला' या नावाने रशियन रूपांतर केले. पण एवढ्यावर त्याचे समाधान झाले नाही. त्याने तीच कथा पुन्हा हाती घेतली, पूर्णपणे रशियन मातीत रुजवली आणि १८१३ मध्ये 'स्वेतलाना' प्रसिद्ध केली. भाची अलेक्सांद्रा प्रोतासोवा हिला त्याने ती अर्पण केली होती.

६/ या कवितेचा काळ जानेवारीतील प्रभुप्रकटन सणाच्या पूर्वसंध्येचा. त्या रात्री रशियन मुली भावी नवरा कोण, हे जाणून घेण्यासाठी नाना प्रकारचे शकुन पाहत. स्वेतलानाही मध्यरात्री आरशासमोर मेणबत्ती लावून बसते. दूरदेशी गेलेला प्रियकर अचानक येतो, तिला बर्फावरच्या घसरगाडीत बसवून नेतो आणि ती एका निर्जन झोपडीत शवपेटीसमोर येऊन ठेपते. पण येथे मूळ जर्मन कवितेसारखा सर्वनाश होत नाही. एक पांढरे कबूतर तिचे रक्षण करते, तिला जाग येते, सारे स्वप्नच होते असे कळते आणि प्रियकर जिवंत परततो. भयकथेचा शेवट लग्नाच्या तयारीत होतो.

७/ ही कविता रशियन वाचकांच्या अक्षरशः तोंडी बसली. १८१५ मध्ये स्थापन झालेल्या 'अर्झामास' या साहित्यमंडळात सदस्यांना झुकोव्स्कीच्या कवितांवरून टोपणनावे दिली जात आणि खुद्द झुकोव्स्कीला तेथे 'स्वेतलाना' म्हणत. पुश्किनने 'येवगेनी ओनेगिन' या काव्यकादंबरीत आपल्या तात्यानाची तुलना स्वेतलानाशी केली आणि पाचव्या प्रकरणाच्या आरंभी झुकोव्स्कीच्या कवितेतील ओळी उद्धृत केल्या. चित्रकार कार्ल ब्र्युलोव्ह याने १८३६ मध्ये आरशासमोर बसलेल्या स्वेतलानाचे चित्र रंगवले. सुशिक्षित रशियन घरांत हे नाव ठाऊक नसलेली मुलगी सापडणे कठीण होते. तरीही ते नाव धारण करणारी मुलगीही जवळजवळ सापडत नव्हती.

८/ याचे कारण धर्मपीठाच्या पंचांगात होते. रशियन ऑर्थोडॉक्स परंपरेत मुलाचे नाव बाप्तिस्म्याच्या वेळी ठरे आणि ते संतांच्या अधिकृत यादीतीलच असावे लागे. या यादीला 'स्व्यात्सी' म्हणत. जन्माच्या किंवा बाप्तिस्म्याच्या आसपास ज्या संताचा दिवस येई, त्याचे नाव बाळाला देण्याचा प्रघात होता. संत म्हणजे नुसते नाव नव्हे. तो त्या व्यक्तीचा आयुष्यभराचा पाठीराखा आणि त्याचा दिवस हा तिचा 'नामदिन'. साहजिकच कवीच्या कल्पनेतून जन्मलेल्या स्वेतलानाला ना संत होती, ना पंचांगात दिवस.

९/ यादीत स्लाव्ह नावे मुळीच नव्हती, असे नाही. ल्युद्मिला होती, कारण त्या नावाची बोहेमियातील एक संत होऊन गेली. म्हणजे झुकोव्स्कीच्या पहिल्या नायिकेचे नाव मुलीला ठेवता येत होते, दुसरीचे नाही. व्हेरा, नादेझ्दा आणि ल्युबोव्ह, म्हणजे श्रद्धा, आशा आणि प्रीती, हीदेखील शुद्ध रशियन नावे. पण ती ग्रीक संतनामांची भाषांतरे म्हणून फार पूर्वीच स्वीकारली गेली होती. बाकी यादी प्रामुख्याने ग्रीक, लॅटिन व हिब्रू नावांची. रशियन खेड्यातील अकुलिना, फ्योक्ला, येवदोकिया या साऱ्या परक्या भाषांतून आलेल्या होत्या आणि 'अस्सल रशियन' भासणारी स्वेतलाना मात्र दाराबाहेर होती.

१०/ हा प्रश्न केवळ धार्मिक भावनेचा नव्हता. त्या काळच्या रशियात जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या चर्चकडे असत. ऑर्थोडॉक्स माणसाचे कायदेशीर अस्तित्व याच नोंदीवर उभे होते. वारसा, विवाह, शाळाप्रवेश, सर्व ठिकाणी त्याच वहीतील उतारा लागे. म्हणून पाद्र्याने नाव नाकारले, की ते राज्यानेही नाकारले. आपल्याकडे राशीचे नाव एक आणि हाक मारण्याचे दुसरे, अशी सोय पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. शाळेच्या दाखल्यावर कोणते नाव घालायचे, हे घरचे लोक ठरवीत. रशियातही घरात लाडाने कोणी काहीही म्हणू शके, परंतु दाखल्यावरील नावाचा निर्णय घराच्या हाती नव्हता.

११/ मुलींना न मिळालेले हे नाव वस्तूंना मात्र मिळाले. १८५८ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथे रशियन आरमारासाठी 'स्वेतलाना' नावाची युद्धनौका जलावतरित झाली. तिच्यानंतर त्याच नावाची क्रूझर आली. ती मे १९०५ मध्ये जपानविरुद्धच्या त्सुशिमाच्या लढाईत बुडाली. १९१३ मध्ये रेव्हाल, म्हणजे आजच्या तालिन्न येथे तिसऱ्या 'स्वेतलाना'ची बांधणी सुरू झाली. पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर सेंट पीटर्सबर्गमधील एका कारखान्याने विजेच्या दिव्यांसाठी हेच नाव निवडले. पुढे त्या नावाची फोड 'स्वेत-ला-ना', म्हणजे 'प्रकाश देणारे तापदीप' या अर्थाच्या रशियन शब्दांची आद्याक्षरे, अशीही सांगितली जाऊ लागली. नौकेला आणि दिव्याला बाप्तिस्म्याच्या वहीची गरज नव्हती.

१२/ हे चित्र पालटले ते १९१७ च्या क्रांतीने. सत्तेवर आल्यावर दोन महिन्यांच्या आत, डिसेंबर १९१७ मध्ये, बोल्शेव्हिक सरकारने नागरी विवाह आणि जन्म-मृत्यूच्या नोंदींविषयीचा आदेश काढला. नोंदवह्या चर्चकडून काढून नागरी कार्यालयांकडे सोपवण्यात आल्या. पुढच्याच महिन्यात राज्य आणि धर्मसंस्था यांची फारकत करणारा आदेश निघाला. इतिहासाच्या पुस्तकांत या आदेशांची चर्चा विवाह, घटस्फोट आणि धर्मपीठाच्या मालमत्तेच्या संदर्भात होते. त्यांचा एक सूक्ष्म परिणाम मात्र प्रत्येक पाळण्यापर्यंत पोहोचला: आईबापांना आता मुलाचे नाव स्वतः निवडता येऊ लागले.

१३/ या स्वातंत्र्याचा पहिला उद्गार मोठा उत्साही होता. ऑक्टोबर क्रांतीवरून 'ओक्त्याब्रिना', व्लादिमिर लेनिनवरून 'व्लाद्लेना', 'लेनिन' हे नाव उलटे वाचून 'निनेल', क्रांती आणि जग यांच्या संयोगातून 'रेव्हमिरा'. बाप्तिस्म्याऐवजी 'ओक्त्याब्रिनी' नावाचा लाल समारंभ कारखान्यांच्या सभागृहांत होऊ लागला; तेथे पाद्र्याच्या जागी पक्षाचा कार्यकर्ता असे. नवा माणूस घडवायचा तर त्याचे नावही नवे हवे, ही त्यामागील श्रद्धा. नव्या राजवटीचा नावांवरील उत्साह शहरे, रस्ते आणि जहाजे यांच्यापर्यंत पसरला होता. तिसरी युद्धनौका 'स्वेतलाना' हिचे नाव १९२५ मध्ये बदलून 'प्रोफिनतेर्न' करण्यात आले. झारच्या काळातील काव्याचा गंध क्रांतीच्या आरमाराला नको होता.

१४/ पाळण्यात मात्र नेमके उलटे घडत होते. घोषणेसारखी नावे समारंभात शोभत, पण रात्री रडणाऱ्या बाळाला 'रेव्हमिरा' म्हणून जोजवणे अवघड जाई. याउलट स्वेतलाना हे नाव सर्व बाजूंनी सोयीचे होते. ते पंचांगात नसल्याने धर्माचा शिक्का त्यावर नव्हता. त्याचा अर्थ 'उजळ' असल्याने नव्या युगाच्या 'उज्ज्वल भविष्याशी' आणि गावोगावी पोहोचणाऱ्या विजेच्या दिव्यांशी ते जुळत होते. ते कानाला रशियन वाटे आणि त्याचे 'स्वेता' हे लडिवाळ रूप आयते तयार होते. शिवाय शाळेत गेलेल्या प्रत्येक आईला झुकोव्स्कीची कविता ठाऊक होती. क्रांतीने दार उघडले आणि त्या दारातून शंभर वर्षे ताटकळलेली स्वेतलाना आत आली.

१५/ सत्तेच्या शिखरावरील घरांतही तिचा प्रवेश झाला. निकोलाय बुखारिन या बोल्शेव्हिक सिद्धांतकाराला १९२४ मध्ये मुलगी झाली, नाव स्वेतलाना. २८ फेब्रुवारी १९२६ रोजी योसिफ स्टॅलिन आणि नादेझ्दा अलिलुयेवा यांना मुलगी झाली, नाव स्वेतलाना. १९२९ मध्ये व्याचेस्लाव्ह मोलोतोव्हच्या घरी मुलगी जन्मली. नाव पुन्हा स्वेतलाना. जगाला क्रांतिकारी नावे देणाऱ्या या नेत्यांनी स्वतःच्या लेकींसाठी झारच्या राजपुत्राला शिकवणाऱ्या, झारशाहीचे राष्ट्रगीत लिहिणाऱ्या कवीच्या नायिकेचे नाव निवडले, ही गोष्ट त्या काळच्या अभिरुचीविषयी पुष्कळ काही सांगते.

१६/ 'स्टॅलिनच्या मुलीमुळे हे नाव लोकप्रिय झाले' असे विधान अनेक ठिकाणी आढळते. ते अर्धवट खरे आहे. बुखारिनची मुलगी स्टॅलिनच्या मुलीहून दोन वर्षांनी मोठी होती. म्हणजे नावाची चलती आधीच सुरू झाली होती आणि स्टॅलिन दांपत्याने चालू अभिरुचीच स्वीकारली होती. मात्र १९३० च्या दशकात पित्याच्या कडेवरील लहानग्या मुलीची छायाचित्रे प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा या नावाभोवती एक निराळे वलय तयार झाले. ते ठेवणे सुरक्षित होते, शोभिवंत होते आणि कोणालाही खटकणारे नव्हते. भीतीच्या काळात या तिन्ही गोष्टींना मोल होते.

१७/ याच काळातील एक प्रसिद्ध हकिकत. १९३५ मध्ये सेर्गेई मिखाल्कोव्ह हा तरुण कवी स्वेतलाना नावाच्या एका सहाध्यायिनीला खूश करू पाहत होता. 'इझ्वेस्तिया' या दैनिकात छापण्यासाठी दिलेल्या आपल्या अंगाईचे शीर्षक त्याने बदलून 'स्वेतलाना' केले. कविता छापून आली आणि ती स्टॅलिनला आवडल्याचा निरोप पक्षाच्या कार्यालयातून आला. ही कथा मिखाल्कोव्हने स्वतःच सांगितलेली आहे. त्याचे भाग्य उजळले. १९४३ मध्ये सोव्हिएत राष्ट्रगीताचे शब्द लिहिणाऱ्या दोघांपैकी तो एक होता. 'स्वेतलाना' लिहिणाऱ्या झुकोव्स्कीने झारचे राष्ट्रगीत लिहिले आणि 'स्वेतलाना' लिहिणाऱ्या मिखाल्कोव्हने सोव्हिएत संघाचे, हा योगायोग विलक्षणच. १९३६ मध्ये अर्कादी गैदारच्या 'निळा पेला' या बालकथेतही सहा वर्षांची स्वेतलाना अवतरली आणि नाव मुलांच्या पुस्तकांत स्थिरावले.

१८/ 'उजळ' अर्थाच्या या नावाने त्या तीन मुलींचे संरक्षण मात्र केले नाही. स्टॅलिनची मुलगी सहा वर्षांची असताना, नोव्हेंबर १९३२ मध्ये, तिच्या आईने आत्महत्या केली. मुलीला अनेक वर्षे सत्य सांगितले गेले नाही. बुखारिनला मार्च १९३८ मध्ये गोळी घालण्यात आली आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या मुलीलाही आईसोबत अटक व हद्दपारी भोगावी लागली. मोलोतोव्हची पत्नी पोलिना झेम्चुझिना १९४९ च्या आरंभी पकडली गेली आणि स्टॅलिनच्या मृत्यूनंतरच सुटली. त्या काळात तिचा नवरा सत्तेच्या वर्तुळातच होता. एकाच नावाच्या तीन मुली, एकाच सत्तेच्या अंगणात वाढलेल्या. त्यांपैकी एकीच्या बापाच्या हाती उरलेल्या दोघींच्या घरांचे भवितव्य होते.

१९/ सामान्य घरांत नाव वाढतच राहिले. १९३० पासून १९७० च्या दशकापर्यंत ते सोव्हिएत संघातील सर्वाधिक आवडत्या स्त्रीनामांत गणले जाई. एकट्या १९४८ सालात जन्मलेल्या दोन स्वेतलाना पुढे जगाला परिचित झाल्या. स्वेतलाना साविट्स्काया ही अंतराळात जाणारी दुसरी आणि २५ जुलै १९८४ रोजी यानाबाहेर पाऊल टाकणारी पहिली स्त्री. ज्या 'साल्यूत-७' स्थानकातून ती बाहेर पडली, तेथेच त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा राहून आले होते. दुसरी स्वेतलाना अलेक्सिएविच. युद्धातील स्त्रिया आणि चेर्नोबिलचे बळी यांचे आवाज ग्रंथांत नोंदवणाऱ्या या बेलारूसी लेखिकेला २०१५ चा साहित्याचा नोबेल पुरस्कार मिळाला.

२०/ दरम्यान धर्मपीठापुढे नवाच पेच उभा राहिला. राजवट नास्तिक असली तरी अनेक आज्या नातवंडांना गुपचूप चर्चमध्ये नेत आणि तेथे पाद्र्यासमोर उभी राही ती 'स्वेतलाना'. यावर तोडगा निघाला भाषांतराचा. ग्रीक परंपरेत 'फोतिनी' नावाची संत आहे. 'फोस' म्हणजे प्रकाश. येशूला विहिरीवर भेटलेली शोमरोनी स्त्री ती हीच, असे परंपरा मानते. मग स्वेतलानांचा बाप्तिस्मा 'फोतिना' या नावाने होऊ लागला आणि कालांतराने दोन्ही नावे एकमेकींची पर्यायरूपे मानली गेली. व्हेरा आणि नादेझ्दा यांच्या बाबतीत जे शतकांपूर्वी घडले होते, तेच आता कवितेतील नायिकेच्या बाबतीत घडले. नाव आधी रूढ झाले आणि त्याला संत नंतर लाभली.

२१/ आता पुन्हा स्टॅलिनच्या मुलीकडे, कारण तिच्या कथेचे निर्णायक वळण भारतात आहे. पित्याच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये तिने 'स्तालिना' हे आडनाव टाकून आईचे 'अलिलुयेवा' हे आडनाव घेतले. १९६२ मध्ये तिने मॉस्कोत बाप्तिस्मा घेतला. पुढच्या वर्षी मॉस्कोतील रुग्णालयात तिची ओळख ब्रजेश सिंह या भारतीय साम्यवाद्याशी झाली. ते उत्तर प्रदेशातील कालाकांकरच्या राजघराण्यातील. सोव्हिएत सरकारने त्यांना विवाहाची परवानगी नाकारली. ऑक्टोबर १९६६ मध्ये ब्रजेश सिंह यांचे निधन झाले आणि त्यांच्या अस्थी गंगेत विसर्जित करण्यासाठी स्वेतलाना डिसेंबरमध्ये भारतात आली.

२२/ कालाकांकरमध्ये गंगेकाठी ती काही आठवडे राहिली. तेथेच राहावे अशी तिची इच्छा होती; परंतु मॉस्कोला ते मान्य नव्हते आणि दिल्लीला मॉस्कोला दुखवायचे नव्हते. परतीच्या विमानाची वेळ जवळ आली असताना, ६ मार्च १९६७ च्या संध्याकाळी, ती नवी दिल्लीतील अमेरिकी दूतावासात गेली आणि आपण स्टॅलिनची मुलगी आहोत, असे तेथील अधिकाऱ्यांना सांगितले. त्याच रात्री तिला भारताबाहेर नेण्यात आले. पुढे तिच्या पैशांतून कालाकांकरला ब्रजेश सिंह यांच्या नावाने रुग्णालय उभे राहिले. शीतयुद्धातील सर्वांत गाजलेल्या पलायनांपैकी एक असे दिल्लीत घडले.

२३/ अमेरिकेत १९७० मध्ये तिने विल्यम वेस्ली पीटर्स या वास्तुशिल्पकाराशी विवाह केला आणि ती 'लाना पीटर्स' झाली. पोलादावरून बेतलेले बापाचे आडनाव तिने आधीच टाकले होते; आता नावातील प्रकाशवाचक भागही गेला. १९८४ मध्ये ती सोव्हिएत संघात परतली, दोन वर्षांत पुन्हा बाहेर पडली. नोव्हेंबर २०११ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात तिचे निधन झाले, तेव्हा वृत्तपत्रांनी मथळ्यात तिला पुन्हा 'स्टॅलिनची मुलगी'च म्हटले. नावे बदलता येतात. पण नाव कोणत्या वहीत नोंदवावे याचा निर्णय लोक करतात, एकटी व्यक्ती नव्हे, हे तिच्या आयुष्याने दाखवून दिले.

२४/ १९८० च्या दशकानंतर रशियात नवजात मुलींना हे नाव कमी प्रमाणात ठेवले जाऊ लागले. क्रांतीपूर्व काळातील अनास्तासिया, दार्या, सोफिया परतल्या आणि स्वेतलाना हळूहळू आईच्या व आजीच्या पिढीचे नाव झाली. सीमेपलीकडे तिची रूपे मात्र नांदत आहेत: युक्रेनमध्ये स्वित्लाना, बेलारूसमध्ये स्वियात्लाना. १९८२ मध्ये जन्मलेली स्वियात्लाना त्सिखानौस्काया २०२० मध्ये बेलारूसच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत उभी राहिली आणि त्या देशातील विरोधकांचा चेहरा बनली. झुकोव्स्कीची नायिका स्वप्नातून सुखरूप जागी झाली होती. या स्वियात्लानाला देश सोडावा लागला.

२५/ 'प्राचीन' म्हणून मिरवणाऱ्या पुष्कळ परंपरा प्रत्यक्षात अर्वाचीन असतात, हे एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी संपादित केलेल्या १९८३ च्या ग्रंथामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित झाले. स्वेतलाना हे त्याचे चालतेबोलते उदाहरण आहे. पण या कथेत त्याहून अधिक काही आहे. कवींनी नाव दिले, धर्मपीठाने अडवले, सरकारने एका आदेशाने वाट मोकळी केली. मात्र त्याच सरकारने पुढे केलेली घोषणावजा नावे बाजूला सारून लोकांनी आपल्या आवडीचे नाव उचलले. सत्तेला वही ताब्यात घेता आली. आईबापांची आवड मात्र घेता आली नाही.

२६/ म्हणून नावांचा इतिहास वाचताना अर्थ आणि व्युत्पत्ती यांवर थांबू नये. हे नाव कोणत्या वहीत नोंदले गेले, ती वही कोणाच्या हाती होती, हेही पाहावे. मराठी घरांत त्याची साधने हाताशी आहेत. आजीचे माहेरचे नाव, लग्नात तांदळावर लिहिलेले सासरचे नाव, पत्रिकेतील राशीचे नाव आणि शिधापत्रिकेवरील नाव ही चारही एकत्र मांडून पाहावीत. त्यांपैकी तिने स्वतः निवडलेले कोणते, या प्रश्नाचे उत्तर बहुधा कोणत्याही ग्रंथात मिळणार नाही. ते तिलाच विचारावे लागेल आणि ते विचारण्याची वेळ अजून गेलेली नाही.